दुधाच्या दातातील पेशी

पडलेला दुधाचा दात कौलावर फेकण्याची रीत आपल्याकडे होती. त्याच दाताच्या मगजात मूलपेशी असतात, हे २००३ साली सिद्ध झाले. पात्राच्या सपाट तळावर पसरून वाढणाऱ्या पेशी आपले मूळ सामर्थ्य हळूहळू गमावतात. तळाला चिकटू दिले नाही, तर त्या एकमेकींना बिलगून गोळा बांधतात. गोळा फार मोठा झाला, तर प्राणवायूअभावी गाभ्यातील पेशी मरतात.

चीनमधील शिआन येथे दुखापतीने पुढचा दात निकामी झालेल्या मुलांच्या दातांत त्यांच्याच दुधाच्या दातांपासून वाढविलेले पेशीपुंज घालण्यात आले. वर्षभरात तेथे रक्तपुरवठा व संवेदना परतल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. दात जपून ठेवण्यासाठी पैसे भरावेत काय, असे पालक आम्हांस विचारतात. घाई नको, असेच आम्ही सांगतो; हा उपचार अद्याप नेहमीच्या दवाखान्यात आलेला नाही. वसतिगृहात रात्री दात घासण्याची घंटा मात्र आम्ही चुकवीत नाही.