म्हाताऱ्या सशाला दयामरण द्यावे का? (वाचक, लाखांदूर)

पाळीव ससा साधारण 8 ते 12 वर्षे जगतो. दुखणे तो लपवतो. कुबड काढून कोपऱ्यात बसणे, दात करकरणे ही लक्षणे उशिराच दिसतात. मात्र खाणे थांबले म्हणजे मरण आलेच, असे नव्हे. 12 तासांत लेंड्याच पडल्या नाहीत, तर आतडी मंदावलेली असतात आणि वेळेवर उपचाराने ती पुष्कळदा सुधारतात. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय लांब, म्हणून आधी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तोंडात दूध मुळीच ओतू नये. उपचार, वेदनाशामक देऊनही ससा खात नसेल, अंग थंड पडत चालले असेल, तर दयामरण योग्यच. आधी भूल, मग औषधाची जादा मात्रा. हे काम पशुवैद्यकाचेच. जोडीच्या सशाला मृतदेह हुंगू द्यावा. पुरताना खड्डा खोल घ्यावा. कारण औषध भिनलेला असा देह उकरून खाणाऱ्या कुत्र्यालाही विषबाधा होते.