घरचा केर आणि खताचे खोके

मागे एकदा नववीच्या वर्गाला ‘आमचा परिसर’ या विषयावर निबंध लिहावयास दिला असता एका विद्यार्थ्याने असे वाक्य लिहिले होते : ‘सकाळी गाडी येते, आमच्या घरातील कचरा घेऊन जाते व तो नाहीसा होतो.’ आम्ही ‘नाहीसा होतो’ या शब्दांखाली तांबड्या शाईने रेघ ओढली खरी, परंतु चूक व्याकरणाची नसल्यामुळे समासात काय लिहावे हे आम्हांस सुचेना. शिवाय आमची स्वतःची समजूतही कित्येक वर्षे याहून फारशी निराळी नव्हती. आम्ही कला शाखेचे पदवीधर. भाषा शिकवावी, कविता समजावून सांगाव्यात, हा आमचा व्यवसाय. केराच्या वाटेला आम्ही गेलो ते शास्त्राच्या ओढीने नव्हे, तर एका लहानशा लाजिरवाण्या प्रसंगामुळे.

तो प्रसंग असा. आमच्या वसाहतीत चोवीस बिऱ्हाडे आहेत. त्या काळी भाजीची देठे, माशांचे खवले, नारळाचा चोथा, फुटकी बरणी, औषधाच्या बाटल्या, सारे एकाच पिशवीत कोंबून आम्ही खाली ठेवीत असू. एके दिवशी केर गोळा करणाऱ्या बाईंनी आमच्यासमोर पिशवी उचलली आणि त्यांच्या तळहातातून रक्त आले. आत काच होती. ती पिशवी आमच्याच घरची होती. त्या बाई काही बोलल्या नाहीत. हात पदरात गुंडाळून त्यांनी पुढची पिशवी उचलली. त्या दिवशी शाळेत ‘श्रमप्रतिष्ठा’ या पाठावर बोलताना आमची जीभ नेहमीसारखी चालली नाही.

कोंकणीत केराला ‘कोयर’ म्हणतात आणि खताला ‘सारें’. शब्द दोन असले तरी वस्तू बहुतांशी एकच आहे. घरातील केर जर निवडून पाहिला, तर निम्म्याहून अधिक भाग स्वयंपाकघरातील ओल्या वस्तूंचा निघतो. तो योग्य रीतीने कुजू दिला तर खत होते. नाही तर जे होते ते मडगावानजीकच्या सोनसडो येथे आपण पाहिलेच आहे. तेथे वर्षानुवर्षे साचलेल्या ढिगाला २०१९ च्या मे महिन्यात आग लागली, आणि धुराने भोवतालच्या लोकांना श्वास घेणे कठीण केले. मुंबईच्या देवनार येथे १९२७ सालापासून केर टाकला जात असे. तेथेही २०१६ च्या जानेवारीत मोठी आग भडकली होती. शेकडो टन ओला केर एकावर एक रचला की आतील थरांना हवा मिळत नाही. हवेवाचून जगणारे जंतू तेथे माजतात व मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू निर्माण करतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता वातावरणात धरून ठेवतो. शिवाय ढिगातून झिरपणारे काळे पाणी विहिरींकडे वाट काढते ते निराळेच. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याचा कचरा नाहीसा होत नव्हता, तो दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाऊन बसत होता.

केरापासून खत करण्याची विद्या आपल्याकडे नवी नव्हे. प्रत्येक शेतकऱ्याच्या घरामागे उकिरडा असे; मनुष्याच्या मैल्यापासून झालेल्या खताला तर आपल्या भाषेने ‘सोनखत’ असे नाव दिले आहे. आमच्या किनाऱ्यावर माडांच्या आळ्यांत मासळीचे खत घालीत. परंतु या विद्येला शास्त्राची बैठक मिळाली ती इंदूर येथे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. आल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आले. १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी इंदूरच्या वनस्पती-संशोधन संस्थेत काम केले. या संस्थेसाठी इंदूर दरबाराने सुमारे तीनशे एकर जमीन दिली होती. आपल्या शेतकऱ्याचे शेण चुलीत जळते, मग शेताला काय मिळणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी कापसाच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, तण यांसारखे जे जे फुकट मिळे ते गोळा करविले. पऱ्हाट्या कठीण, म्हणून त्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेतल्या. त्यांत थोडे शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातील माती व राख मिसळून तीस फूट लांब व चौदा फूट रुंद अशा उथळ खड्ड्यांत थर रचले आणि तीन वेळा ते वरखाली केले. सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार झाले. ही कृती पुढे ‘इंदूर पद्धती’ या नावाने जगभर गेली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव सहलेखक म्हणून छापलेले आहे. इंदूरच्या मराठी वाचकांना याचा अभिमान वाटावा; आम्हांला तर हे नाव प्रथम वाचले तेव्हा आपल्याच गावचा कोणी भेटल्यासारखे वाटले.

त्यानंतर १९३९ च्या सुमारास बंगळूर येथे डॉ. आचार्य यांनी शहरांच्या केरासाठी दुसरी रीत सांगितली; तीत चर खणून थर भरावयाचे, मातीने झाकावयाचे आणि न हलविता कित्येक महिने तसेच ठेवावयाचे. श्रम कमी, पण काळ अधिक व जागाही अधिक. विदर्भातील पुसदचे नारायण पंढरीपांडे यांनी विटांचे जाळीदार टाके योजिले. भिंतीत मुद्दाम भोके ठेवल्यामुळे हवा आत खेळते व खत वरखाली करण्याचे श्रम वाचतात. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्या टाक्याला ‘नाडेप’ म्हणतात. पणजीच्या काही वसाहतींत आज जी जाळीदार खोकी दिसतात ती याच कुळातील होत, आणि आम्ही जी बांधली तीही.

आता शास्त्राचा भाग. येथे आम्ही आमच्या विज्ञानशिक्षक मित्रांचे ऋणी आहोत, कारण हे गणित आम्हांला त्यांनी दोनदा समजावून सांगितले. कुजविण्याचे काम सूक्ष्म जंतू करतात. त्यांना कार्बन हवा तो शक्तीसाठी, आणि नायट्रोजन हवा तो शरीर वाढविण्यासाठी. नायट्रोजनचा एक भाग असेल तर कार्बनचे पंचवीस ते तीस भाग असावेत, म्हणजे त्यांचे जेवण यथास्थित होते. स्वयंपाकघरातील केरात हे प्रमाण सुमारे पंधरास एक असते. वाळलेल्या पाल्यात साठास एक धरावे.

आमच्या चोवीस बिऱ्हाडांतून रोज साधारण २० किलो ओला केर निघतो. त्यात तीन चतुर्थांश पाणी. म्हणजे कोरडा अंश ५ किलो. त्याच्या शेकडा ४५ कार्बन धरला तर २.२५ किलो, आणि पंधराने भागल्यास नायट्रोजन १५० ग्रॅम. आता ८ किलो वाळका पाला घेऊ. पाण्याचा दहावा हिस्सा वजा जाता ७.२ किलो, त्यातील कार्बन ३.२४ किलो व साठाने भागून नायट्रोजन ५४ ग्रॅम. दोहोंची बेरीज केली तर कार्बन ५.४९ किलो, नायट्रोजन २०४ ग्रॅम. भागाकार सुमारे २७. प्रमाण बरोबर जुळले. वजनात पाला कमी दिसत असला तरी तो हलका असल्यामुळे एका टोपलीभर ओल्या केरावर दोन ते तीन टोपल्या पाला लागतो. हे गणित आठवीच्या विद्यार्थ्याला येण्याजोगे आहे. आम्हांला ते पस्तिसाव्या वर्षी आले.

आणि आले तेही फजिती झाल्यावर. आम्ही तीन फूट लांब, तीन फूट रुंद व चार फूट उंच अशी चार खोकी बांधून घेतली. याहून लहान ढिगात ऊब टिकत नाही. एक भरावयास सुमारे एक महिना लागतो, आणि चौथे भरेपर्यंत पहिले तयार होते, असा हिशेब. थंडीच्या दिवसांत काम सुरू केले. अंगणात आंबा, जंगली बदाम व गुलमोहर असल्यामुळे पाला भरपूर होता. लोखंडी सळई ढिगात खुपसून काढली की हाताला चटका बसे. शाळेतील तापमापक आणून पाहिले तेव्हा पारा साठ अंशांवर होता. पंचावन्नच्या पुढे काही दिवस उष्णता राहिली म्हणजे रोगजंतू, माशांच्या अळ्या व तणांचे बी मरते. आमचा आनंद गगनात मावेना.

परंतु फाल्गुन-चैत्रात झाडांनी जो पाला ढाळला, तो आमच्या माळ्याने नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे कोपऱ्यात लोटून जाळून टाकला, आणि आम्ही गॅलरीतून तो धूर पाहत चहा घेतला! जूनमध्ये पाऊस लागला. झाडावरचा पाला हिरवा, खालचा भिजलेला; वाळके पान औषधालाही मिळेना. त्यातच फणसांचे दिवस. रोज चाऱ्यांचे व सालींचे ढीग येत. खोक्यावरचे छप्पर आखूड असल्यामुळे झडीचे पाणी आत जाई. आठवड्याभरात कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी सुटली, अळ्या वळवळू लागल्या, उंदीर आले. तळमजल्यावरच्या आजींचे स्वयंपाकघर खोक्यांना लागूनच. त्यांनी एके दुपारी जेवणाच्या वेळी आम्हांला हाक मारून खिडकीशी उभे केले व म्हटले, “मास्तर, तुमचें सारें तुमगेर व्हरात!” तुमचे खत तुमच्याच घरी न्या. यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. कारण दुसऱ्याच्या दारात केर टाकू नये म्हणून जे आम्ही आरंभले होते, ते आम्ही आजींच्या दारात आणून ठेवले होते.

वसाहतीची सभा भरली. खोकी पाडून टाकावीत असा ठराव आला. मोठ्या वसाहतींनी ओला केर शक्यतो आवारातच जिरवावा, असे २०१६ च्या केंद्रीय नियमांत म्हटले होते, हे आम्ही वाचून दाखविले. पण आमची वसाहत त्या नियमात बसण्याइतकी मोठी नाही हे दुसऱ्या कोणी दाखवून दिले. कायद्याच्या आधाराने शेजारधर्म चालत नाही, हे आम्हांला त्या रात्री कळले. शेवटी आम्ही महिन्याची मुदत मागून घेतली आणि ठराव एका मताने तहकूब झाला.

त्या महिन्यात जे केले ते थोडक्यात सांगतो. छप्पर दीड हात पुढे वाढविले. लाकडाच्या गिरणीतून करवतीचा भुसा व एका कारखान्यातून काथ्याचा भुसा आणला. सारे खोके उपसून त्यात भुसा मिसळून पुन्हा भरले. हे काम आम्ही व वसाहतीतील तीन मुलांनी नाकाला रुमाल बांधून दोन रविवारी केले. ओल किती असावी याची परीक्षा सोपी आहे : मूठभर मिश्रण घट्ट पिळावे, दोन-चार थेंब आले तर ठीक, धार लागली तर भुसा घालावा, काहीच न आले तर पाणी शिंपडावे. वासही बोलका असतो. अंड्यासारखा घाणेरडा वास आला तर हवा कमी. नवसागरासारखा झोंबणारा आला तर नायट्रोजन अधिक. पाचव्या दिवशी दुर्गंधी गेली. अळ्या मात्र तीन आठवडे पुरल्या.

माशांचा प्रश्न सर्वांत कठीण. गोव्यात मासळीच्या केराला बंदी करणे म्हणजे निम्म्या घरांना बाहेर ठेवणे होय. काहींचे म्हणणे, खवले-आतडी घेऊच नयेत, आजींचेही तेच. आमचे मत निराळे होते, कारण मासळीत नायट्रोजन भरपूर आणि खत उत्तम. शेवटी असे ठरले की मासळीचा केर ज्याने त्याने कागदात गुंडाळून स्वतः आणावा, ढिगाच्या मध्यभागी एक हात खोल पुरावा व वर दुप्पट पाला टाकावा. नुसता वर टाकून कोणी निघून जाऊ नये. हा नियम आजही पूर्ण पाळला जातो असे म्हणवत नाही. करवंट्या व सोडणे आम्ही घेत नाही, ती वर्षानुवर्षे कुजत नाहीत. त्यांना गिऱ्हाईक वेगळे आहे. तेलकट उरलेसुरले अन्नही थोडेच घ्यावे.

पहिले खोके उघडले ते श्रावणाच्या अखेरीस. रोजच्या अठ्ठावीस किलोंपैकी पाणी व वायू उडून जाऊन सुमारे एक तृतीयांश वजन उरते. काळसर, भुसभुशीत, आणि वास मृगाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीचा. तो वास एका विशिष्ट जातीच्या जंतूंमुळे येतो, मातीतही व खतातही तेच. ‘बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात’ अशी म्हण आहे. आमच्या उकिरड्याचे चार महिन्यांत फिटले. चाळलेले खत प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक पिशवी दिले. आजींनी पिशवी घेतली, हुंगली, तुळशीच्या वृंदावनात दोन ओंजळी घातली आणि छप्पर अजून थोडे पुढे घ्यावे असे सांगितले. ते घेतले आहे.

केर नेणाऱ्या बाईंच्या हाती आता आमच्या वसाहतीतून फक्त सुका केर जातो; काच निराळ्या डब्यात, वर चिठ्ठी लावून. शेजारची मोठी इमारत मात्र अद्याप आमच्यात आलेली नाही, आणि समोरच्या खाणावळीचा प्रश्न तर आमच्या चार खोक्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. यंदा फाल्गुनात माळ्याला आगपेटी न देता पोती दिली. पाला चुरडून भरलेली एकसष्ट पोती जिन्याखाली रचून ठेवली आहेत. आमच्या गणिताप्रमाणे जून ते सप्टेंबरपर्यंत सुमारे शंभर लागतील. उरलेल्यांसाठी शाळेच्या पटांगणातील पाला देण्याचे मुख्याध्यापकांनी कबूल केले असून, तो गोळा करावयास नववीचा वर्ग येत्या शनिवारी सकाळी साडेसात वाजता जमणार आहे. झाडू शाळेतील आहेत. पोती ज्याने त्याने घरून आणावीत.