परदेशी कॉलेजांच्या यादीत एक सौदा पक्का हवा

कापडाच्या धंद्यात आम्हाला तीस वर्षे झाली. सीझनचा माल भरताना सगळी रक्कम एकाच डिझाइनवर लावायची नाही, हे आम्ही पेढीवर बसलेल्या प्रत्येक नव्या मुलाला शिकवतो. पण घरातल्या मुलीच्या तालीमचा प्रश्न आला तेव्हा आम्हीच हा धडा विसरलो. ती चूक वाचक बंधूंनी करू नये म्हणून हा लेख.

आमची भाची बारावीला हुशार. तिने अमेरिकेतल्या लहान कॉलेजांत अर्ज करायचे ठरवले. ही कॉलेजे म्हणजे दीड-दोन हजार विद्यार्थ्यांच्या निवासी संस्था. तिथे वर्ग लहान असतात, प्राध्यापक स्वतः शिकवतात, आणि साहित्य, गणित, विज्ञान, अर्थशास्त्र सारे एका छपराखाली मिळते. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स आणि ॲमहर्स्ट, पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर, मेन राज्यातील बोडन ही त्यातली बडी नावे. तिथे शंभर अर्जांपैकी दहासुद्धा मंजूर होत नाहीत, आणि मदत मागणाऱ्या परदेशी मुलांसाठी वाट आणखी अरुंद आहे. भाचीने नऊ अर्ज केले, नऊच्या नऊ अशाच ठिकाणी.

त्यातल्या एका अर्जात आमचा सल्ला होता. आम्ही म्हणालो, "बेटा, इथे मदत नको असे लिही. आधी दाखला मिळू दे, भावाचे नंतर बोलू." बाजारात असे चालते. मार्चअखेर आठ ठिकाणांहून नकार किंवा प्रतीक्षा यादी आली, आणि दाखला मिळाला तो नेमका या एका ठिकाणी. बिल पूर्ण रकमेचे होते. मदतीसाठी पत्र लिहिले तर उत्तर आले की, परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नसेल तर पुढे चारही वर्षे मागता येत नाही. हा नियम अनेक कॉलेजांत आहे आणि तो छापलेला असतो. आम्ही वाचला नव्हता. मुलगी एवढेच म्हणाली, "मामू, आता काय करायचे?" आमच्याकडे उत्तर नव्हते. तिचे एक वर्ष गेले.

आता मुद्द्यावर येऊ. ज्या कॉलेजात दाखला जवळजवळ नक्की असतो त्याला अमेरिकेत 'सेफ्टी स्कूल' म्हणतात. पण आपल्यासारख्या कुटुंबासाठी दाखला नक्की असणे पुरेसे नाही. आम्ही तीन कसोट्या सांगतो. एक, मुलाचे गुण त्या कॉलेजात घेतल्या जाणाऱ्या मुलांच्या सरासरीच्या बरेच वर असावेत. दोन, आपल्या खिशातून किती जाणार हे अर्ज करतानाच कळावे आणि ते परवडावे. तीन, मुलगा किंवा मुलगी तिथे खुशीने जायला तयार असावी. तीनपैकी एकही कसोटी चुकली तर ते कॉलेज सेफ्टी नव्हे, यादीची केवळ भरती.

दुसरी कसोटी सर्वांत अवघड आहे. बड्या खासगी कॉलेजांचा छापील खर्च आज राहण्या-जेवणासह वर्षाला सुमारे ९० हजार डॉलर किंवा त्याहून जास्त आहे. हा भाव सगळे देत नाहीत, सूट दोन प्रकारे मिळते. पहिली गरजेवर, म्हणजे घरची मिळकत पाहून; दुसरी गुणवत्तेवर. विल्यम्स, ॲमहर्स्टसारखी कॉलेजे फक्त गरजेवर मदत देतात, गुणांची बक्षिसी देत नाहीत. ॲमहर्स्ट आणि बोडन परदेशी मुलाची निवड करतानाही घरची ऐपत पाहत नाहीत, पण अशी लहान कॉलेजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी मुलाने जितकी मदत मागितली तितके त्याचे पारडे हलके होते. अमेरिकन सरकारची मदत परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. म्हणून गरजेवर मदत देणारे निवडक कॉलेज आपल्यासाठी कधीच सेफ्टी होऊ शकत नाही.

फुकट कॉलेजाचीही भूल पडते. केंटकीतील बेरिया कॉलेज १८५५ साली स्थापन झाले. ते विद्यार्थ्याकडून शिकवणीची फी घेत नाही. पण परदेशी मुलांच्या जागा तिथे अगदी मोजक्या, आणि अर्ज जगभरातून येतात. अर्ज जरूर करावा, पण भरवसा ठेवू नये.

मग सेफ्टी शोधावी कुठे? गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देणाऱ्या आणि इतक्या कठोर नसलेल्या कॉलेजांत. ओहायोतील वुस्टर, विस्कॉन्सिनमधील लॉरेन्स आणि बेलॉइट, इलिनॉयमधील नॉक्स ही अशी खासगी लहान कॉलेजे, परदेशी मुलांनाही गुणवत्तेवर सूट देणारी. मिझुरीतील ट्रुमन स्टेटसारख्या काही सरकारी संस्थाही याच पद्धतीने शिकवतात आणि त्यांचा मूळ भावच कमी असतो. काही संस्था गुणांनुसार शिष्यवृत्तीचा तक्ताच छापतात. परदेशी मुलांनाही तो लागू आहे का, हे लेखी विचारावे. लागू असेल तर सौदा डोळ्यांसमोर आहे.

पारखायचे कसे? बहुतेक कॉलेजे 'कॉमन डेटा सेट' नावाचा वार्षिक तक्ता प्रसिद्ध करतात. त्यातील एच विभागाचे सहावे कलम पाहावे. किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळाली आणि सरासरी किती डॉलर, हे तिथे असते. अमेरिकन कॉलेजांना २०११ पासून आपल्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज देणारे गणकयंत्र ठेवणे कायद्याने सक्तीचे आहे, पण ते मुख्यतः अमेरिकन कुटुंबांसाठी असते. आपल्या नावाने त्यात आलेला आकडा खरा धरू नये.

आता हिशोब. समजा कॉलेजाचा खर्च ६० हजार डॉलर आणि शिष्यवृत्ती ३० हजार. आपला वाटा ३० हजार. डॉलर ९० रुपये धरला तर वर्षाला २७ लाख, चार वर्षांचे १ कोटी ८ लाख. बहुतेक पालक इथेच थांबतात. पण शिष्यवृत्ती सहसा ठरलेल्या रकमेची असते आणि खर्च दरवर्षी वाढतो. तो ४ टक्क्यांनी वाढला तर चार वर्षांत आपला वाटा १ लाख २० हजार डॉलरऐवजी सुमारे १ लाख ३४ हजार ८०० होतो. म्हणजे जवळपास १३ लाख रुपये जास्त. डॉलर ५ रुपयांनी चढला तर ३० हजारांवर वर्षाला आणखी दीड लाख. शिवाय विमा, पुस्तके, विमानभाडे. म्हणून अर्ज करण्यापूर्वी घरात बसून ठरवावे की, दुकानाचे मुद्दल न मोडता आणि धाकट्या भावंडांचा हिस्सा न खाता वर्षाला आपण किती देऊ शकतो. तो आकडा कागदावर लिहावा. व्याजाचे कर्ज ज्यांना नको आहे त्यांनी तर हे पहिल्या दिवशीच करावे. अमेरिकन बँका परदेशी मुलाला सहसा तिथला जामीनदार मागतात, तोही मार्ग सोपा नाही.

मुलगा तिथे काम करून फी काढेल, हा हिशोबही धरू नये. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॉलेजाच्या आवारातच आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. त्यातून हातखर्च निघतो, फी निघत नाही. व्हिसाच्या कागदांसाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय आधीच दाखवावी लागते.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, 'अर्ली डिसिजन' म्हणजे बयाणा देऊन केलेला सौदा. दाखला मिळाला तर जावेच लागते. मदत पुरेशी नसेल तर सुटता येते, पण इतर कॉलेजांचे भाव शेजारी ठेवून पाहता येत नाहीत.

दुसरी, शिष्यवृत्ती टिकवण्याची अट. किती गुण राखावे लागतील आणि एक सत्र घसरले तर संधी मिळते का, हे लेखी विचारावे.

तिसरी, कॉलेजाची स्वतःची पत. न्यूयॉर्क राज्यातील वेल्स कॉलेज १८६८ सालचे. एप्रिल २०२४ मध्ये त्याने जाहीर केले की सत्र संपताच बंद होणार. अलाबामातील बर्मिंगहॅम-सदर्न हे १८५६ सालचे कॉलेजही त्याच वर्षी मेअखेर बंद झाले. सेफ्टी म्हणून निवडलेल्या लहान कॉलेजाबाबत हा धोका जास्त. तिथल्या बिगरनफा संस्थांचे कर विवरण, फॉर्म ९९०, कुणालाही पाहता येते. आपण व्यापारी माणसे; पार्टीला उधारीवर माल देण्यापूर्वी तिचा ताळेबंद पाहतो, तसाच हाही पाहावा. दहा वर्षांत विद्यार्थी किती घटले, तूट किती वर्षे चालू आहे, मान्यता देणाऱ्या संस्थेने ताकीद दिली आहे का, एवढे कळले तरी पुरे.

चौथी, एक सेफ्टी आपल्या देशात ठेवावी. अमेरिकन दाखला मिळूनही व्हिसा नाकारला जाऊ शकतो. पुण्यातील फर्ग्युसन १८८५ पासून चालू आहे आणि फी आवाक्यातली. सोनिपतचे अशोका आणि बंगळूरचे अझीम प्रेमजी विद्यापीठ घरची गरज पाहून मदत देतात. त्यांच्या तारखा मात्र आधीच वहीत लिहाव्यात.

भाचीने दुसऱ्या वर्षी पुन्हा नऊ अर्ज केले: चार अवघड, दोन मधल्या आवाक्यातले, दोन अमेरिकन सेफ्टी आणि एक इथले. प्रत्येक नावापुढे आपला वाटा लिहिला. चारही अवघड ठिकाणी पुन्हा नकार आला. पण या खेपेस १ मेच्या मुदतीपूर्वी घरात तीन दाखले होते आणि तिन्ही परवडणारे. ती आज मध्य अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजात शिकते. ते नाव आमच्या बाजारात कुणी ऐकलेले नाही. फोनवर तक्रार करते ती फक्त बर्फाची.

तेव्हा बंधूंनो, मुलांना उंच स्वप्ने जरूर पाहू द्यावीत. मात्र यादी करताना वरून खाली येऊ नये, खालून वर जावे. आधी जिथे दाखला आणि पैसा दोन्ही नक्की आहेत आणि मन लागेल, अशी दोन नावे लिहावीत. मग मोठी नावे कितीही लिहावीत, नकार आला तरी मुलाचे वर्ष वाया जात नाही.