कापडाचे गठ्ठे घरच्या गाडीत : व्यापाऱ्याच्या मोटारीचा खरा हिशेब

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की नांदगाव पेठच्या अलीकडे-पलीकडे बिझिलँड, सिटीलँड, ड्रीमलँड ही कापडाच्या ठोक बाजाराची नावे लागतात. हा बाजार शहराबाहेर महामार्गावर आला आणि कापड व्यापाऱ्याचा दिनक्रमच बदलला. पूर्वी दुकान उघडायला माणूस पायी किंवा सायकलवर जात असे. आता रोजचे पंचवीस-तीस किलोमीटर ठरलेले. त्यातच नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीतील पी.एम. मित्र वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाले. म्हणजे या रस्त्यावरची वर्दळ कमी होणार नाही, वाढेलच.

आमच्या लहानपणी मोहल्ल्यात एकच फियाट होती. ती लग्नात नवरदेवासाठी मागून आणली जाई. आज व्यापाऱ्याच्या दारात मोटार ही चैन राहिली नाही, ती तराजू-गजासारखी धंद्याची वस्तू झाली आहे. पण गज आपण नीट तपासून घेतो, मोटार मात्र तपासत नाही. तिचा खर्च कोणत्या वहीत लिहायचा हेही आपल्याला ठाऊक नसते. म्हणून हा लेख.

पेट्रोल म्हणजे खर्च नव्हे

कोणत्याही व्यापारी बांधवाला विचारा, "दुकानात जायला-यायला काय पडते?" तो पेट्रोलचा आकडा सांगेल. हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. जुनी गाडी तीन लाखांना घेतली, पाच वर्षांनी दीड लाखाला विकली. म्हणजे दरवर्षी तीस हजार रुपये नुसते उभ्या-उभ्या घटले. विमा दहा हजार, सर्व्हिसिंग आणि किरकोळ दुरुस्ती बारा हजार. चार टायरांचे अठरा हजार चार वर्षांत वाटले तर वर्षाचे साडेचार हजार. बॅटरी पाच हजारांची, तीही चार वर्षांची, म्हणून साडेबाराशे. पी.यू.सी., धुणे-पुसणे, पार्किंग असे सव्वादोन हजार. बेरीज साठ हजार. गाडी वर्षाला बारा हजार किलोमीटर चालली, तर पेट्रोल न टाकताच किलोमीटरमागे पाच रुपये झाले. त्यात लिटरला पंधराचा अ‍ॅव्हरेज आणि एकशे पाच रुपयांचा भाव धरला तर पेट्रोलचे सात रुपये. एकूण बारा.

तीस किलोमीटरच्या फेरीचे पेट्रोल दोनशे दहा रुपये, पण खरा खर्च तीनशे साठ. हे वरचे दीडशे रुपये रोज कुठून जातात? ते दुकानाच्या भांडवलातून जातात, आणि टायर किंवा बॅटरी घ्यायची वेळ आली की मालाच्या पैशाला हात लागतो. आकडे ज्याचे त्याने आपल्या गाडीप्रमाणे बदलावेत, पण रकाने हेच राहतील. दोन शेजारी दुकानदारांनी आळीपाळीने एकाच गाडीतून जावे, ही सूचना आम्ही बऱ्याच जणांना केली. मानली फारच थोड्यांनी. प्रत्येकाला दुकान बंद करायची आपली वेळ प्यारी असते!

आयकराच्या बाबतीत, धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारीवर साधारण १५ टक्के घसारा मिळतो. घरासाठीही वापर असेल तर तेवढा भाग वजा होतो. जे उलाढालीच्या ठराविक टक्क्यांवर अंदाजे नफा दाखवून कर भरतात, त्यांना घसारा वेगळा मागता येत नाही. जी.एस.टी.मध्ये तर नेहमीच्या मोटारीवर भरलेल्या कराचा परतावा कापड व्यापाऱ्याला मिळतच नाही. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नव्या-जुन्या गाडीची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे, कारण त्यामुळे जुन्या गाडीचा भावही खाली यायला हवा.

आमच्यावर गुदरलेली गोष्ट

मे २०१९. नागपूरहून माल घेऊन आम्ही परत येत होतो. ट्रान्सपोर्टचे चार पैसे वाचावेत म्हणून मागची सीट पाडून साड्यांचे आणि ड्रेस मटेरियलचे नऊ गठ्ठे गाडीत भरले होते. पुढे आम्ही व आमचा मुलगा. वेळ दुपारी दोनची. तळेगाव मागे पडले, तिवसा यायचे होते, आणि मागचा डावा टायर फुटला. गाडी दुभाजकाला घासत गेली. अल्लाहने वाचवले, दोघांनाही खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. गाडीची एक बाजू मात्र गेली.

नंतर पंक्चरवाल्याने टायर उलटा करून दाखवला. नक्षी चांगली होती, म्हणूनच जुनी गाडी घेताना आम्ही फसलो होतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर २२१२ होते, म्हणजे २०१२ सालचा बाविसावा आठवडा. सात वर्षांचे रबर, वऱ्हाडातले ऊन, त्यावर नऊ गठ्ठे. आणि हवा नेहमीचीच!

पण खरा धडा पुढे आहे. विमा पूर्ण होता, एकही हप्ता चुकलेला नव्हता. कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने फोटो काढले. फोटोत गठ्ठे दिसत होते. महिन्याभराने पत्र आले की खासगी मोटारीतून माल वाहून नेल्यामुळे दावा नामंजूर. दुरुस्तीचे चौऱ्याऐंशी हजार रुपये आम्ही घरून भरले.

रागाच्या भरात आम्ही वकिलाकडे गेलो. त्यांनी आमचीच पॉलिसी आमच्यासमोर ठेवली. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, मराठी आम्ही बाजारात आणि वर्तमानपत्रात शिकलो, आणि पॉलिसी बारीक इंग्रजीत. ती कधी वाचलीच नव्हती. (इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलानेही वाचली नव्हती, हे इथे नमूद करतो.) खासगी मोटारीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असे एक कलम असते. भाड्याने चालवणे, शर्यत, आणि माल वाहणे यांना ती लागू नाही. मालाच्या बाबतीत दोनच सवलती आहेत : नमुने आणि स्वतःचे प्रवासी सामान. म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायला साड्यांचे पाच-दहा नमुने नेले तर चालते, नऊ गठ्ठे नेले तर नाही. माल आपला स्वतःचा आहे, भाडे घेतलेले नाही, ही सबब चालत नाही.

तरी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. अमलेंदू साहू यांच्या प्रकरणात, खासगी गाडी भाड्याने वापरली असतानाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये विमा कंपनीला दावा साफ फेटाळू दिला नाही आणि पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याचा मार्ग मान्य केला. प्रत्येक प्रकरण वेगळे असते, पण 'नामंजूर' असे पत्र आले की वही बंद करू नये. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग विमा लोकपालाकडे किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे मुदतीत अर्ज करावा. आम्ही पत्र कपाटात ठेवून दिले आणि मुदत गेली.

त्यानंतर आमचा माल छोट्या हत्तीने येतो. मालवाहू गाडीचा विमा मालवाहतुकीसाठीच असतो. आणखी एक सोय ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पक्की झाली. एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असलेली मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, वेगळ्या शेऱ्याची गरज नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिला. तेव्हा दोघा-चौघा व्यापाऱ्यांनी मिळून एक छोटी मालगाडी ठेवली, तर ड्रायव्हर न आल्याच्या दिवशीही काम अडत नाही.

ऊन, रुई आणि खारे पाणी

गाडीसोबत मिळणारे माहितीपुस्तक सगळ्या देशासाठी लिहिलेले असते. वऱ्हाडात त्यात थोडी भर घालावी लागते.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर असते, आणि बहुतेक गाड्यांत तिथे दोन आकडे असतात. एक दोघा-तिघांसाठी, दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. पंक्चरवाला सगळ्यांना एकच आकडा भरतो. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवणे ही आपल्याकडची जुनी समजूत आहे, आणि ती उलटी आहे. कमी हवेचा टायर चालताना जास्त मुडपतो, त्याने जास्त तापतो आणि तोच फुटतो. मोटारीच्या टायरची नक्षी कायद्याने १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. खाचेत बारीक उंचवटे दिलेले असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने टायर तपासून घासलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती उगीच नव्हे.

दिवाळीपासून जिनिंग सुरू झाले की हवेत रुईचे तंतू तरंगतात. कापसाच्या ट्रॅक्टरमागून गाडी चालली की हे तंतू रेडिएटर आणि ए.सी.च्या जाळीवर गोधडीसारखे बसतात. मग उन्हाळ्यात गाडी गरम होते आणि मिस्त्री वॉटर पंप बदलायला सांगतो. आधी जाळी साफ करून पाहावी, पण हलक्या हाताने, आतून बाहेर. जोराच्या फवाऱ्याने तिची पाती वाकतात. एअर फिल्टरही हंगामात मध्येच एकदा काढून पाहावा.

पाण्याचे तर विचारूच नका. आठवडी बाजार करणारे आपले भाऊ दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट या खारपाणपट्ट्यात फिरतात. तिथल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घातले तर आत क्षार बसतात आणि गंज धरतो. रेडिएटरमध्ये कूलंट आणि शुद्ध केलेले पाणीच घालावे, पाच लिटरचा एक डबा डिकीत ठेवावा. काटा वर गेला तर गाडी सावलीत उभी करून इंजिन बंद करावे. झाकण मात्र अर्धा-पाऊण तास उघडू नये. त्या वाफेने चेहरा भाजलेला माणूस आम्ही पाहिला आहे.

इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदलावे. 'गाडी चाललीच कुठे?' म्हणून दोन-दोन वर्षे ऑइल ठेवणारे इंजिनच्या कामावर त्याच्या कितीतरी पट घालवतात. सध्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. त्यांनी इंधनाचे रबरी पाइप आणि सील दर सर्व्हिसिंगला तपासून घ्यावेत.

चालवण्याच्या सवयींबद्दल थोडेच लिहितो. अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विक्रम झाला. रस्ते गुळगुळीत झाले, पण रात्री त्यावर येणारे रोही आणि दिव्याविना चालणारी कापसाची ट्रॉली जुनीच आहे. रोही एकटा नसतो. एक गेला की वेग कमीच ठेवावा, मागे कळप असतो. चिखलदऱ्याहून उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून उतराल तर ब्रेक तापून निकामी होतात. आणि दिवसभर दुकानात उभे राहून रात्री अकराला खरेदीसाठी निघू नये. आमचे जवळजवळ सगळे व्यापारी हेच करतात, कारण दिवसाचे गिऱ्हाईक सोडवत नाही.

गाडी विकताना

व्याजाच्या कर्जापासून दूर राहण्यासाठी आपल्यातले पुष्कळ लोक रोखीने जुनी गाडी घेतात आणि तशीच पुढे विकतात. स्टँपवर लिहून चावी दिली की व्यवहार झाला असे मानतात. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की आर.टी.ओ.च्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या पहिल्या मालकावर आली. एका अपघाताची भरपाई लाखांत जाते, अख्खे दुकान त्यात जाऊ शकते.

त्यामुळे विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि घेणाऱ्याने फॉर्म ३० भरून नाव बदलून घ्यावे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला कळवण्यास चौदा दिवसांची मुदत आहे. गाडीवर पूर्वी बँकेचे कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र देऊन तो बोजा आर.सी.वरून उतरवलेला आहे का ते पाहावे. विम्यावरचे नावही चौदा दिवसांत बदलून घ्यावे, नाहीतर आपल्याच गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, जो पाच वर्षांत पन्नास टक्क्यांपर्यंत जातो, तो गाडीबरोबर येत नाही. तो त्या माणसाचा असतो, आणि विकणाऱ्याने कंपनीकडून तसे पत्र घेतले तर त्याच्या पुढच्या गाडीच्या हप्त्यात तो वापरता येतो. हे पत्र मागणारा व्यापारी आम्ही आमच्या बाजारात अजून एकच पाहिला.