नाक चोंदलंय, मशीन लावू का?

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की माझ्या टपालाचा नूर पालटतो. एरवी घोरण्याची गाऱ्हाणी असतात, आता सर्दीची येऊ लागतात. लोणी देवकर-भिगवणच्या पट्ट्यात एकीकडून उजनी धरणाच्या पाण्यावरचा गारठा, दुसरीकडून पेटवलेल्या पाचटाची काजळी. सकाळी दोरीवरच्या धुण्यावर जे काळे धागे सापडतात, तेच रात्री नाकात गेलेले असतात. झोपेत श्वास अडकतो म्हणून जे दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप मशीनचा मास्क लावून झोपतात, त्यांचे तर या दिवसांत दुहेरी हाल. मी स्वतः सहा वर्षं हे मशीन लावतो, तेव्हा खालची काही उत्तरं पुस्तकातली आहेत आणि काही माझ्या उशीवरची.

*

*डॉक्टरसाहेब, नमस्कार. आमचे हे कंटेनरवर ड्रायव्हर आहेत, एमआयडीसीतून माल भरून जातात. आठ महिन्यांपासून सीपॅप मशीन लावतात. घोरणं बंद झालं, दिवसाची पेंग गेली. पण गेल्या आठवड्यात सर्दी झाली आणि तीन रात्री मास्क उपटून फेकला. म्हणतात, "नाकच बंद, तर हवा जाणार कुठून?" सासूबाई म्हणतात, आजारपणात असलं काही लावू नये. खरं काय?*
— एक गृहिणी, लोणी देवकर

ताई, तुमच्या यजमानांचा प्रश्न बिनतोड आहे. नाक बंद असेल तर हवा जाणार कुठून? म्हणून आधी नाक उघडायचं आणि मग मास्क लावायचा. बहुतेक जण उलटं करतात. चोंदलेल्या नाकावर मास्क चढवतात, पाच मिनिटांत जीव घाबरा होतो, आणि मशीन कपाटावर जातं. मीही पहिल्या हिवाळ्यात हेच केलं. चार रात्री मशीन कपाटावर होतं. पाचव्या दिवशी दवाखान्यात पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि माझेच डोळे मिटायला लागले. पेशंट म्हणाला, "डॉक्टर, काही गंभीर आहे का?"

सर्दीत नाक बंद होतं ते नुसत्या शेंबडाने नव्हे. नाकाच्या आत मांसल पडदे असतात, ते रक्ताने फुगतात. आडवं झालं की आणखी फुगतात. म्हणून दिवसा बरं वाटणारं नाक रात्री दगा देतं. कुशीवर झोपलात तर खालची नाकपुडी बंद होते आणि वरची मोकळी होते, हे तुम्हीही अनुभवलं असेल. तेव्हा पहिलं काम म्हणजे पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली एकेक वीट ठेवा. दोन उशा घेऊ नका, त्याने मान दुमडते आणि घसा आणखी दबतो.

झोपण्याआधी अर्धा तास हा क्रम लावा. मिठाच्या पाण्याने नाक धुवा किंवा मेडिकलमध्ये मिळणारा सलाइनचा फवारा मारा. मग एकेक नाकपुडी दाबून हलकेच शिंकरा. दोन्ही मिळून जोर लावला की घाण कानाकडे सरकते. वाफ घ्यायची तर बसून घ्या, पातेलं स्थिर जागी ठेवून. उकळत्या पाण्याने भाजलेले पेशंट मी सर्दीने गंभीर झालेल्यांपेक्षा जास्त पाहिले आहेत. गरम पाणी घोट घोट प्या. त्यानंतर मास्क लावून लगेच आडवे होऊ नका. दहा मिनिटं बसून टीव्ही बघा. मशीनवर 'रॅम्प' नावाची सोय असते, तिने दाब हळूहळू चढतो, ती चालू ठेवा. पाणी तापवणारी टाकी असेल तर ओलावा एक-दोन अंकांनी वाढवा. कोमट, ओली हवा चोंदलेल्या नाकाला सोसते. कोरडी हवा ते आणखी सुजवते.

एवढं करूनही नाक उघडलं नाही आणि त्यांच्याकडे फक्त नाकावरचा मास्क असेल, तर तोंड उघडून हवा फुसफुसत बाहेर जाईल आणि सकाळी घशाची लाही झालेली असेल. अशा वेळी नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क कामाला येतो. ज्यांना दरवर्षी सर्दी होते त्यांनी तो दुसरा मास्क घरात ठेवावाच, असं माझं मत आहे. घेताना मापाने घ्या, अंदाजाने नको.

आता सासूबाईंचं म्हणणं. एक-दोन रात्री मशीन राहिलं तर आभाळ कोसळत नाही. फार चोंदलं असेल तर कुशीवर, उसं उंच करून झोपू द्या. पण एक गोष्ट ठाम सांगतो. मशीन सुटलं की श्वास अडकणं त्याच रात्री परत येतं. गाठीला साठवलेली झोप नसते. झोपेत श्वास अडकणाऱ्या ड्रायव्हरला अपघाताचा धोका इतरांच्या दोन ते अडीच पट असतो. तीन रात्री मास्क न लावता त्यांनी सोलापूर रस्त्यावर पहाटेची खेप करू नये. वरून सर्दीची गोळी घेतली असेल तर मुळीच नाही. त्या गोळ्यांत बहुधा पेंग आणणारं औषध असतं. मालकाला सांगायला संकोच वाटत असेल तर मला भेटा, मी चिठ्ठी देतो.

*

*मशीनच्या टाकीत डिस्टिल्ड पाणी घाला असं सांगितलं होतं. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी तेच ना? आणि सर्दी आहे म्हणून त्यात निलगिरीचे चार थेंब किंवा व्हिक्स टाकलं तर?*
— एक वाचक, पळसदेव

दादा, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, बरेच जण न विचारताच टाकतात. बॅटरीत टाकायचं पाणी क्षारमुक्त असतं हे खरं. पण ते फुप्फुसासाठी भरलेलं नसतं. गॅरेजमध्ये त्याच कोपऱ्यात, तसल्याच कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिडही असतं. अंधारात कोणता कॅन उचलला हे कोण बघतं? मेडिकलमधून सीलबंद डिस्टिल्ड पाणी आणा. नसेलच तर एखाद्या रात्रीपुरतं उकळून गार केलेलं पाणी चालेल. आपल्याकडचं बोअरचं पाणी मात्र नको. पंधरा दिवसांत टाकीच्या तळाला पांढरी खपली धरते, चहाच्या पातेल्याला धरते तशीच. धरलीच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी घालून अर्धा तास ठेवा आणि खळखळून धुवा.

निलगिरी, कापूर, व्हिक्स यातलं काहीही टाकीत नको. ते रात्रभर दाबाने थेट छातीत जाईल. प्लास्टिक तडकेल ते वेगळंच. नाकाखाली व्हिक्स चोळून वर मास्कही लावू नका. तेलकट मलमाने मास्कची मऊ कड खराब होते आणि हवा गळते. नाक सोलवटलं असेल तर पाण्यावर आधारलेलं मलम मागा. मशीनला ऑक्सिजन जोडलेला असेल, तर व्हॅसलीनसारखं पेट्रोलियमचं काही तोंडाला लावायचंच नाही, त्याने पेट घेऊ शकतो.

*

*संगीतकार बप्पी लाहिरी झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराने गेले असं वाचलं. तेव्हापासून आमच्या वडिलांना वाटतं, मशीन लावलं की कफ आत छातीत ढकलला जातो. खोकला झाल्यापासून ते हातही लावत नाहीत.*
— एक वाचक, इंदापूर

बप्पीदा १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत गेले. जवळपास महिनाभर रुग्णालयात राहून ते आदल्याच दिवशी घरी आले होते. डॉक्टरांनी सांगितलेल्या दुखण्यांत दोन नावं जोडीने होती, झोपेत श्वास अडकण्याचा आजार आणि पुन्हा पुन्हा होणारा छातीचा संसर्ग. त्या आठवड्यात माझा फोन थांबला नव्हता. पण काकांना त्यातून जो अर्थ लागला तो उलटा आहे. श्वास अडकणाऱ्या माणसाचा ऑक्सिजन रात्रीत अनेकदा खाली-वर होतो. छातीत संसर्ग असताना शरीराला ते झेपणं अवघड जातं. मशीनची गरज अशा वेळी वाढते.

कफ ढकलला जाण्याबद्दल त्यांना एक प्रयोग करायला सांगा. उंच पेल्यात दहा सेंटिमीटर पाणी घ्या, त्यात स्ट्रॉ तळापर्यंत बुडवा आणि फुंकून बुडबुडा काढा. लहान पोरही काढतं. बऱ्याच जणांच्या मशीनचा दाब एवढाच असतो, दहा सेंटिमीटर पाण्याइतका. मोटरसायकलच्या टायरमधला दाब याच्या जवळपास दोनशे पट असतो. एवढ्या फुंकरीने कफ खाली जात नाही. घशाची ढिली झालेली भिंत मात्र तेवढ्याने उघडी राहते.

मशीनचा जन्मही असाच साधा आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी १९८० साली हवा फेकणारी मोटर नळीने नाकाला जोडून पाहिली. तोवर अशा गंभीर रुग्णांच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवत असत. १९८१ मध्ये त्यांनी पाच रुग्णांचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापला. आजचं उशाजवळ मावणारं मशीन त्याच मोटरचा नातू.

काकांचा खोकला मात्र नुसता सोडून देऊ नका. ताप तीन दिवसांवर गेला, छातीत दुखतंय, धाप लागते, थुंकीत रक्त आहे, किंवा जागेपणी बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ९४ च्या खाली दिसतो, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा. जाताना मास्क आणि मशीन बरोबर न्या. भरती व्हावं लागलं तर वॉर्डात सीपॅप मिळेलच असं नाही. आणि "मला झोपेचा श्वासाचा आजार आहे" हे वाक्य आल्या आल्या सांगा. झोपेची किंवा कोडीनसारखी गुंगीची औषधं अशा रुग्णाला जपून द्यावी लागतात. घरी खोकल्याची बाटली आणतानाही हेच मेडिकलवाल्याला सांगा. आणि घोटभर ब्रँडीने कफ सुटतो म्हणणाऱ्या पाहुण्याला चहा पाजून वाटेला लावा. दारूने घसा आणखी ढिला पडतो.

*

*नाकात टाकायच्या थेंबांनी क्षणात मोकळं वाटतं. मशीन लावण्याआधी रोज टाकते. तीन आठवडे झाले. आता थेंबांशिवाय नाक उघडतच नाही.*
— एक शिक्षिका, कळस

ताई, सर्दी केव्हाच गेली, आता हे थेंबांचं दुखणं आहे. हे थेंब फुगलेल्या पडद्यांतल्या रक्तवाहिन्या आवळतात. ते वापरायचे तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे औषधाचा असर ओसरला की पडदे आधीपेक्षा जास्त फुगतात, मग पुन्हा थेंब, पुन्हा फुगणं. रक्तदाब असेल तर हे आणखी वाईट, आणि श्वास अडकणाऱ्या बऱ्याच जणांना रक्तदाब असतोच. थेंब बंद करा. आधी एका नाकपुडीचे, आठवड्याने दुसरीचे, म्हणजे निदान एक बाजू चालू राहील. सोबत डॉक्टरांना विचारून स्टेरॉइडचा फवारा सुरू करा. त्याचा गुण यायला काही दिवस लागतात, पहिल्या रात्री फेकून देऊ नका. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने आणि उजवीत डाव्या हाताने मारा, म्हणजे औषध मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या भिंतीवर बसतं आणि रक्त येण्याची शक्यता कमी होते.

*

*जलनेतीसाठी विहिरीचं पाणी गाळून घेतलं तर चालेल का?*
— भिगवण

नाही. विहीर, कॅनॉल, बोअर, नळ, कुठलंही कच्चं पाणी नाकात घालू नका. पिऊन पचतं ते नाकातून वर चढलं की मेंदूपर्यंत जाऊ शकणारा एक अमिबा गोड्या पाण्यात असतो. क्वचित होतं, पण झालं की सहसा माणूस वाचत नाही. केरळातल्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. खळखळून उकळा, झाकून कोमट होऊ द्या, मगच वापरा. भांडंही रोज धुऊन वाळवा.

*

*मशीन लावायला लागल्यापासून मला रोज सकाळी वीस-वीस शिंका येतात. ही सर्दी की ॲलर्जी?*
— एक कामगार, लोणी देवकर एमआयडीसी

आधी मशीनच्या मागची जाळी काढून बघा. हंगामात माझी स्वतःची तीन आठवड्यांत तव्याच्या बुडासारखी होते. कागदी असेल तर बदला. स्पंजची असेल तर धुऊन पूर्ण वाळवून बसवा. मशीन जमिनीवर ठेवत असाल तर स्टुलावर घ्या. मास्क रोज सकाळी साध्या साबणाच्या पाण्याने धुवा, टाकीतलं उरलेलं पाणी रोज ओता. सर्दी झालेली असताना तर नळीसुद्धा धुवाच. एवढं करून दोन आठवड्यांत शिंका थांबल्या नाहीत तर या. कोरड्या, गार हवेने नाक चिडून असं होतं, त्यावर उपाय आहे.

घरात तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर सर्दी-तापाच्या दिवसांत वेगळ्या खोलीत झोपा. मास्कच्या बारीक भोकांतून तुमचा उच्छ्वास रात्रभर खोलीत फवारला जात असतो.

*

*जुलाब-उलट्या होत असताना मशीन लावावं का?*
— निनावी

उलटी थांबेपर्यंत नाही. तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. कान ठणकत असेल तरीही थांबा आणि दाखवा.

*

*पहाटे नळीत गुडगुड आवाज येतो आणि गार पाणी तोंडावर सांडतं. शिवाय लाइट गेली की गुदमरेन अशी भीती वाटते.*
— एक आजी, लोणी देवकर

आजी, गुदमरणार नाही. मोठ्या मास्कला एक झडप असते, हवा थांबली की ती उघडते. नाकावरचा मास्क असेल तर तोंड मोकळंच आहे. जाग येईल, मास्क काढाल, एवढंच. घरात इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर पाणी तापवणं बंद करा, सगळ्यात जास्त वीज तेच खातं. ते बंद केलं की बॅटरी खूप जास्त वेळ टिकते.

गुडगुड होते ती थंडीमुळे. टाकीतली कोमट वाफ गार नळीत शिरते आणि तिचं पाणी होतं. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा, म्हणजे पाणी तोंडाकडे न येता टाकीत परत जाईल. ओलावा एक अंकाने कमी करा. आणि नातवाचा जुना स्वेटर असेल तर त्याची बाही कापून नळीवर चढवा. एक पुरत नाही, दोन बाह्या जोडून शिवाव्या लागतात. आमच्या घरच्या नळीची एक बाही लाल आहे आणि एक निळी.