दाम कीं नाम?

मनुष्य पैशासाठीं अधिक झटतो कीं कीर्तीसाठीं, हा प्रश्न फार जुना आहे. शाळेच्या वादविवाद मंडळांत हा विषय निघाला म्हणजे एक पक्ष संपत्तीची निंदा करतो, दुसरा कीर्तीचा फोलपणा दाखवितो, आणि प्रश्न होता तेथेंच राहतो. याचें कारण असें कीं, दोन्ही पक्ष केवळ शब्दांशीं झुंजतात. म्हणून आम्हीं हा प्रश्न एका धंद्याच्या उदाहरणानें पाहण्याचें योजिलें आहे. त्या धंद्यांत पैसा व कीर्ति या दोहोंचें मोल मनुष्याला आपल्या शरीरानेंच द्यावें लागतें. तो धंदा मुष्टियोद्ध्याचा होय.

प्राचीन ग्रीस देशांत ऑलिंपियाच्या उत्सवांत मुष्टियुद्धाचा समावेश ख्रिस्तपूर्व ६८८ या वर्षीं झाला. विजेत्याच्या मस्तकावर ऑलिव्हच्या पानांचा मुकुट ठेवीत. तेंच तेथील बक्षीस. एवढ्यावरून ते वीर केवळ कीर्तीसाठीं लढत असें म्हणावें, तर ती गोष्ट अर्धीच खरी होईल. ऑलिंपियाहून विजयी होऊन आलेल्या नागरिकास ५०० द्राख्मा द्यावे असें अथेन्सच्या सोलोननें ठरविलें होतें, असें प्लुटार्क सांगतो. म्हणजे मुकुट ऑलिंपियास मिळे आणि थैली घरीं आल्यावर! आमच्याकडील जत्रेंतहि नारळाच्या कुस्तीपासून मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत पायऱ्या असतात. परंतु नारळ जिंकणारा मुलगा केवळ नारळासाठीं लढला असें कोण म्हणेल? मान आणि धन हीं पूर्वीपासून एकाच ताटांत वाढलेलीं आहेत.

अर्वाचीन मुष्टियुद्धाचे नियम इंग्लंडांत १८६७ मध्यें प्रसिद्ध झाले. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि पडलेल्यास उठण्यासाठीं दहा सेकंदांची मुदत, या गोष्टी त्या नियमांनीं रूढ केल्या. पुढें अमेरिकेंत या खेळाचा मोठा व्यापार झाला. २ जुलै १९२१ रोजीं जर्सी सिटी येथें जॅक डेम्प्सी व फ्रान्सचा जॉर्ज कार्पांतिए यांची लढत झाली, तेव्हां एकाच लढतीच्या तिकिटांचें उत्पन्न प्रथमच दहा लाख डॉलरांच्या वर गेलें. अशा बाजारांत उतरणारा मनुष्य कशासाठीं लढतो, हें आतां तीन जगज्जेत्यांच्या चरित्रांवरून पाहूं.

पहिला जेम्स ब्रॅडॉक. १९२९ मध्यें तो जगज्जेतेपदाची एक लढत हरला, आणि त्याच वर्षीं अमेरिकेवर मंदीचें संकट कोसळलें. हाताचीं हाडें मोडल्यामुळें त्यास अपयशावर अपयश येऊं लागलें. तेव्हां न्यू जर्सीच्या गोदींत हमाली करून तो बायकामुलांचें पोट भरूं लागला. तेंहि काम मिळेना तेव्हां त्यानें सरकारी मदत घेतली. १९३४ मध्यें पुन्हां लढण्याची संधि मिळाली, आणि १३ जून १९३५ रोजीं मॅक्स बेअर यास पंधरा फेऱ्यांत हरवून तो हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला. आपण मुलांच्या दुधासाठीं लढतों, असें तो म्हणे. पैसा हातीं येतांच घेतलेली सरकारी मदत त्यानें परत केली.

येथवर पाहतां ब्रॅडॉक पैशासाठीं लढला असेंच म्हणावें लागेल. परंतु पुढील हकीकत ऐका. १९३७ मध्यें तरुण जो लुइसशीं लढण्यापूर्वीं ब्रॅडॉकच्या बाजूनें एक चोख करार झाला. लुइस जिंकल्यास त्याच्या लढती भरविणाऱ्याच्या नफ्याचा दहावा हिस्सा ब्रॅडॉकच्या पक्षास दहा वर्षें मिळावयाचा होता. त्याच वर्षीं २२ जून रोजीं शिकागो येथें लढत झाली. ब्रॅडॉकनें आरंभीं लुइसला खालीं पाडलें, पण पुढें त्याचा स्वतःचा चेहरा रक्तानें माखला. व्यवस्थापकानें लढत थांबविण्याची गोष्ट काढली. ब्रॅडॉकनें ती साफ नाकारली, आणि आठव्या फेरींत निश्चेष्ट पडला तेव्हांच त्याचें पद गेलें. पैशाची तरतूद आधींच झाली होती. त्या शेवटच्या फेरीसाठीं उठण्यांत एका कवडीचाहि लाभ नव्हता. मग तो कां उठला? दुधासाठीं रिंगणांत आलेला मनुष्य रिंगणांत मानासाठीं उभा राहिला, याखेरीज दुसरें उत्तर आम्हांस सुचत नाहीं.

दुसरा जीन टनी. हा न्यू यॉर्कच्या एका गोदी कामगाराचा मुलगा. १९२२ मध्यें हॅरी ग्रेब यानें त्याला पंधरा फेऱ्या अमानुष मार दिला. व्यावसायिक लढतींतील त्याचा तोच एकमेव पराभव. पुढें अभ्यास व चिकाटी यांच्या बळावर त्यानें ग्रेबला हरविलें, आणि १९२६ मध्यें डेम्प्सीसारख्या जगज्जेत्याचें पद मिळविलें. २२ सप्टेंबर १९२७ रोजीं शिकागो येथें दोघे पुन्हां भिडले. त्या लढतीचें उत्पन्न २६ लाख डॉलरांहून अधिक झालें. टनीच्या वांट्यास नऊ लाख नव्वद हजारांच्या थोडे वर डॉलर आले. तेव्हां त्यानें काय करावें? उणे पडणारे सुमारे साडेनऊ हजार डॉलर त्यानें स्वतः भरले आणि पुरत्या दहा लाखांचा एक धनादेश करवून घेतला! या व्यवहारांत त्यास एक डॉलरहि जास्त मिळाला नाहीं. मिळाला तो दहा लाखांच्या आंकड्याचा मान. येथें पैसाच कीर्तीचें रूप घेऊन उभा राहतो.

परंतु टनीची खरी थोरवी त्या धनादेशांत नाहीं. १९२८ च्या जुलैंत आणखी एक लढत जिंकून तो निवृत्त झाला. वय अवघें एकतीस वर्षांचें, जगज्जेतेपद हातांत, शरीर धड आणि बुद्धि शाबूत. त्याला ग्रंथवाचनाची गोडी होती. येल विद्यापीठांत त्यानें शेक्सपिअरवर व्याख्यान दिलें होतें. त्याच १९२८ सालीं हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन वैद्यानें मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर वारंवारच्या आघातांचा काय परिणाम होतो, हें एका निबंधांत मांडलें. टनीनें योग्य वेळीं रिंगण सोडलें, हें कोणीहि मान्य करील.

तिसरा जो लुइस. अलाबामांतील एका गरीब नीग्रो शेतकऱ्याचा हा मुलगा १९३७ पासून १९४९ पर्यंत जगज्जेता होता, आणि त्यानें आपलें पद सलग पंचवीस वेळां राखिलें. जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगनें १९३६ मध्यें त्याला हरविलें होतें. २२ जून १९३८ रोजीं लुइसनें त्याला दोन मिनिटें चार सेकंदांत लोळविलें, तेव्हां ज्या राष्ट्रांत त्याच्या बांधवांस समान हक्क नव्हते तें सारें राष्ट्र त्याचा जयघोष करूं लागलें. १९४२ च्या जानेवारींत एका लढतीची बिदागी त्यानें आरमाराच्या साहाय्यनिधीस दिली, दुसऱ्याच दिवशीं तो सैन्यांत साधा शिपाई म्हणून दाखल झाला, आणि मार्चमधील लढतीची बिदागी त्यानें सैन्याच्या निधीस अर्पण केली. केवळ पैशासाठीं लढणाऱ्याचें हें वर्तन नव्हे.

परंतु त्याच्या लढतींतून मिळालेल्या सेहेचाळीस लाखांहून अधिक डॉलरांपैकीं त्याच्या स्वतःच्या हातीं सुमारें आठ लाखच आले. बाकीचे बहुतेक भोंवतालच्या माणसांकडे गेले. स्वतः लुइस मोठ्या उदार हाताचा. हिशेब कोणीच नीट ठेविले नाहींत. युद्ध संपलें आणि प्राप्तिकराची थकबाकी पुढें आली. व्याज व दंड धरून ती पांच लाख डॉलरांवर गेली. म्हणून १९४९ मध्यें निवृत्त झालेला लुइस १९५० मध्यें पुन्हां रिंगणांत उतरला आणि एझर्ड चार्ल्सकडून हरला. २६ ऑक्टोबर १९५१ रोजीं तरुण रॉकी मार्सियानोनें या सदतीस वर्षांच्या वीराला आठव्या फेरींत दोरांबाहेर पाडलें. ज्या ठोशांनीं एके काळीं कीर्ति मिळविली, तेच ठोसे आतां कर्जाच्या हप्त्यांसाठीं विकावे लागले. १९८१ मध्यें तो वारला तेव्हां त्याचा जुना प्रतिस्पर्धी श्मेलिंग यानें अंत्यविधीच्या खर्चास हातभार लाविला, आणि राष्ट्रानें त्याला आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमींत स्थान दिलें. कीर्तीनें त्याचें ऋण फेडलें नाहीं. परंतु तिनें त्याला टाकिलेंहि नाहीं.

या तिन्ही चरित्रांवरून आम्हांस असें दिसतें कीं, दाम मनुष्यास रिंगणांत आणतो आणि नाम त्याला पडल्यावर उठवितें; परंतु रिंगणाबाहेर केव्हां पडावें, हें दोहोंपैकीं एकहि सांगत नाहीं. दाम म्हणतो, आणखी एक लढत. नामहि म्हणतें, आणखी एक लढत. ‘पुरे’ हा शब्द मनुष्याच्या विवेकालाच उच्चारावा लागतो. आणि तो उच्चारण्यास गांठीं कांहीं असावें लागतें. टनी जवळ पैसा असल्यामुळें ‘पुरे’ म्हणूं शकला. लुइस टनीहून कमी शूर नव्हता, कमी उदार तर नव्हताच, पण ऋणानें त्याचा तो अधिकार हिरावून घेतला. पैशाची खरी किंमत त्यानें मिळणाऱ्या वस्तूंत नसून नको तें नाकारण्याच्या स्वातंत्र्यांत आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं फारच थोडे हातमोजे चढवितील. परंतु प्रत्येकास कोणता तरी धंदा पत्करावा लागेल. त्या वेळीं पैशाची इच्छा झाली म्हणून लाजूं नका, आणि मानाची हौस वाटली म्हणून स्वतःस फार थोरहि समजूं नका. मात्र पहिल्या मिळकतीपासून हिशेबाची वही आपल्या हातानें लिहा. जो आपला हिशेब दुसऱ्यावर सोंपवितो, त्याच्या शेवटच्या फेऱ्याहि दुसरेच ठरवितात.