कृषिपंपांचा वीजपुरवठा व संदेशवहन

पंचगंगा, भोगावती, दूधगंगा व वारणा या नद्यांच्या काठचा ऊस मुख्यतः उपशाच्या पाण्यावर उभा आहे. बंधाऱ्याने अडविलेले पाणी माळापर्यंत चढते ते विजेच्या मोटारीमुळे. मोटारीपर्यंत वीज आणणारी तार सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु मोटारीकडील हकीकत उपकेंद्राकडे परत कशी जाते, याचा विचार सहसा होत नाही. स्मार्ट ग्रिड या नावाने ज्या योजनांची चर्चा चालते, त्यांचे मर्म या परतीच्या वाटेत आहे.

रोहित्रावरील, म्हणजे गावच्या भाषेत डीपीवरील, एक फ्यूज उडाला असे समजू. उपकेंद्रातील मापकास संपूर्ण वाहिनीचा एकत्रित भार दिसतो. त्यात एका डीपीची घट सहज लपून जाते. शेतकऱ्याने वायरमनला गाठून सांगेपर्यंत बिघाड कोणास कळत नाही. दरम्यान मोटार दोनच फेजवर चालत राहिली, तर ती जादा प्रवाह ओढून जळते. रात्रीच्या पाळीस तर हे सकाळीच लक्षात येते.

विजेच्या जाळ्यातील सर्व निरोप सारख्या निकडीचे नसतात. उच्चदाब वाहिनीवर दोष उद्‌भवल्यास ती तोडण्याचा इशारा सेकंदाच्या अल्पांशात पोचावा लागतो, कारण ५० हर्ट्‌झच्या विजेचे एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचे असते. ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्रास उपकेंद्रांची स्थिती काही सेकंदांत कळली तरी चालते. विजेच्या देवघेवीचा हिशेब १५ मिनिटांच्या टप्प्यांनी, म्हणजे दिवसाचे ९६ भाग पाडून, होतो. उच्चदाब वाहिन्यांवर विजेच्या तारेतूनच निरोप धाडण्याची पद्धत जुनी आहे. मोठ्या उपकेंद्रात तारेच्या टोकाशी टांगलेले पिंपासारखे वेटोळे त्यासाठीच असते. पुढे मनोऱ्यांच्या माथ्यावरील तारेत काचतंतू आले. वरच्या अंगास व्यवस्था अशी भक्कम आहे. उणीव आहे ती उपकेंद्रापासून शेतापर्यंत.

या शेवटच्या टप्प्यासाठी तीन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला मोबाइलचा. गगनबावडा, शाहूवाडी व भुदरगडच्या डोंगरकपारीत त्याची पोच सर्वत्र सारखी नाही. दुसरा, एका मापकाने दुसऱ्यास व दुसऱ्याने तिसऱ्यास निरोप देण्याचा. त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ हा परवानामुक्त पट्टा आपल्या देशात वापरता येतो. इचलकरंजीसारख्या दाट वस्तीत तो सोयीचा. नदीकाठचे पंप मात्र विखुरलेले असतात, आणि उंच वाढलेला ओला ऊस रेडिओलहरी शोषून घेतो. तिसरा मार्ग लघुदाब तारेचा. त्यात मोटारींचा गोंगाट मिसळतो, रोहित्र ओलांडताना निरोप क्षीण होतो, आणि तार तुटली की निरोपही तुटतो.

खरी कसोटी पुराची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. अशा वेळी सुरक्षिततेसाठी वीज बंद करावी लागते, आणि मोबाइलचे मनोरे बॅटरी व डिझेलवर जगतात. ज्या घटकेस निरोपाची सर्वाधिक गरज, त्याच घटकेस निरोपाची वाट खचते. यावर एक उपाय असा की, मापकात थोडी ऊर्जा साठवून ठेवावी, म्हणजे वीज जाताच तो अखेरचा निरोप धाडू शकतो. परंतु हजारो मापक एकदम बोलू लागले तर वाट तुंबते. यास्तव डीपीवरील मापकास अग्रक्रम देणे व उपकरणे २०२१ च्या पूररेषेच्या वर बसविणे अगत्याचे ठरते.

केंद्र शासनाच्या २०२१ च्या वितरण सुधारणा योजनेत प्रीपेड स्मार्ट मीटरमधून कृषिग्राहक वगळले आहेत. वाहिन्या व रोहित्रे मात्र मापकांच्या कक्षेत येतात. हे गैर नव्हे. प्रत्येक पंपावर मुका मापक असण्यापेक्षा डीपीवर बोलका मापक असणे शेतकऱ्यास अधिक उपकारक आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यामुळे दिवसा वीज मिळण्याची वाट खुली होते. पण ढग येताच सौर उत्पादन घटते, आणि ती घट उपकेंद्रास तत्काळ कळणे आवश्यक असते. दूरवरून आज्ञा घेणारे जाळे कुलूपबंदही असले पाहिजे, कारण परक्याच्या आज्ञेने वाहिनी बंद पडणे हा बिघाडाहून मोठा धोका होय.

ही व्यवस्था शेतापर्यंत येईतो शेतकऱ्यांनी काही गोष्टी स्वतः कराव्यात. ग्राहक क्रमांकाशी चालू मोबाइल क्रमांक जोडून घ्यावा. तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदविताना गावाबरोबर डीपीचा क्रमांकही सांगावा. तो आधीच लिहून ठेवावा. स्टार्टरला सिंगल फेज प्रतिबंधक बसवावा. सर्वांचे ऑटो स्विच एकाच क्षणी मोटारी सुरू करतात, व सुरू होताना मोटार नेहमीच्या पाचसहापट प्रवाह ओढते. त्यामुळे वीज येताच फ्यूज जातो. यास्तव एका डीपीवरील शेतकऱ्यांनी आपसांत ठरवून वेळ लांबविणारे ऑटो बसवावेत, व पहिली मोटार एका मिनिटाने, दुसरी दोन मिनिटांनी, तिसरी तीन मिनिटांनी, अशा क्रमाने लावून घ्यावी.